बोलावलेल्या माणसांचे शहर

आम्हा गोवेकरांना ब्राझील फारसा परका वाटत नाही. आमच्या डोंगरावरचा काजू तिथून आला. गोव्याहून लिस्बनला परतणारी पोर्तुगीज जहाजे वाटेत बऱ्याचदा ज्या बंदरात थांबत, ते बाहियाचे साल्वादोर शहर म्हणजे १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी. आफ्रिकेची ढोलकी, पोर्तुगीजांच्या इगर्जी आणि मूळ रहिवाशांचे खाणेपिणे तिथे एकाच रस्त्यावर भेटते, असे तिकडे जाऊन आलेले लोक कौतुकाने सांगतात. सांगणे खरेच आहे. पण तिथल्या आफ्रिकी माणसांचे पूर्वज साखळदंडात बांधून आणलेले होते आणि ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपायला १८८८ साल उजाडावे लागले, हे त्या कौतुकात सहसा येत नाही. म्हणून कुठल्याही बहुरंगी शहराची वाहवा ऐकली की मला दोन प्रश्न पडतात. ही माणसे तिथे आली कशी? आणि आल्यावर त्यांना राहायला जागा कोणी दिली?

दक्षिण अमेरिका बघणे माझ्यासारख्या सरकारी कारकुनाच्या रजेत आणि पगारात बसणारे नाही. पण याच दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला अगदी योग्य असे एक शहर आपल्याला रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर आहे. ते म्हणजे बडोदे. १९७४ पासून त्याचे अधिकृत नाव वडोदरा आहे, पण मराठी माणसाच्या तोंडी अजून बडोदेच. मडगावला गाडीत बसायचे, कोकण ओलांडायचे, वसईहून गुजरातच्या वाटेला लागायचे. सुरत झाले की नर्मदेचा मोठा पूल येतो, मग भरूच, आणि त्यानंतर फार वेळ लागत नाही. गेल्या हिवाळ्यात आठ दिवसांची रजा घेऊन मी हे शहर पायी हिंडलो. निघण्यापूर्वी काही वाचन केले होते आणि परतल्यावर आणखी केले. त्या सगळ्यातून जे जमले ते इथे मांडतो.

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा या भागांत फिरताना गोव्यातला मराठी वाचक थोडा गोंधळतो. दुकानांच्या पाट्या गुजराती, पण दारावरची आडनावे शिंदे, जाधव, जोशी, कुलकर्णी. फुलवालीशी गुजरातीत घासाघीस करणारी बाई वळून आपल्या नातवाला मराठीत दटावते. रावपुऱ्यात तांबेकरांचा वाडा आहे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. चार मजली लाकडी वाडा आहे आणि आत भिंतींवर चित्रेच चित्रे. पुराणातल्या कथा आहेत, लढाया आहेत, आणि त्यांच्याच शेजारी युरोपियन पोशाखातली माणसेही निवांत बसलेली आहेत. आता वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. आपल्याकडच्या जुन्या देवळांतली आणि घरांतली भित्तिचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी हा वाडा चुकवू नये.

आणि सेव-उसळ. हा बडोद्याचा खास पदार्थ. वाटाण्याची पातळ उसळ, वर शेव, कांद्याची पात, वेगळ्या भांड्यातली लाल जहाल तर्री, सोबत पाव. उसळ मराठी, तिच्यावरची मूठभर शेव गुजराती, पाव हा शब्द पोर्तुगीजांचा आणि तर्रीतली मिरची त्याच पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेली. बडोदेकरांना हे सांगितले तर ते हसतात आणि आणखी तर्री वाढतात. आपल्या पातळ भाजीची सय आली हे मात्र कबूल करायला हवे.

तर आता पहिला प्रश्न. मराठी माणसे इथे आली कशी? याचे उत्तर काही सौम्य नाही. ती तलवार घेऊन आली. पिलाजीराव गायकवाडांच्या मोहिमांनी सुरुवात झाली आणि १७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांच्या हाती आले. फौजेमागून फडणीस, कारकून, भटजी, वैद्य, कीर्तनकार, आचारी आले. चौथाई वसूल करायला आलेल्यांविषयी गुजरातच्या शेतकऱ्याला प्रेम वाटायचे काही कारण नव्हते. आपण गोव्यात ‘परकी राजवट’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पोर्तुगीज येतात. गुजरातच्या त्या काळाच्या आठवणीत परकी राजवट मराठी बोलत होती, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनी जरा पचवून घ्यायला हवी.

मग पुढे असे काय झाले की आज त्याच मराठीला इथे कोणी परकी म्हणत नाही? माझ्या मते याचे पुष्कळसे श्रेय एका माणसाच्या कारभाराला जाते आणि ते कारभाराच्या अगदी रुक्ष, कागदी भागात दडलेले आहे. तो माणूस म्हणजे सयाजीराव गायकवाड तिसरे.

त्यांची गोष्ट मराठी वाचकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर राणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून गोपाळ नावाचा मुलगा निवडला. १८७५ साली तो गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाने आणि पंडितांनी त्याला शिकवले. सर टी. माधवराव हे दिवाण त्यासाठीच मुद्दाम आणलेले. ते तंजावरकडचे मराठी ब्राह्मण. १८८१ च्या अखेरीस सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले आणि १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी राज्य केले. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला.

मला जे सांगायचे आहे ते भाषेबद्दल. राजा मराठी, दरबार मराठी, सरदार मराठी. पण कारभाराची भाषा त्यांनी गुजराती ठेवली. कायदे, हुकूम, ‘आज्ञापत्रिका’ नावाचे राजपत्र हे सारे प्रजेच्या भाषेत. मराठीसाठी शाळा होत्या, ग्रंथमाला होत्या, पुस्तकांना उदार आश्रय होता, चंद्रशेखर आणि त्यांच्यामागून यशवंत असे राजकवी होते. मात्र तलाठ्याच्या दप्तरात मराठी लादली नाही. १९३१ साली बडोदे सरकारने ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा कोश छापला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द त्यात दिले आहेत. ज्याने वीस-बावीस वर्षे सरकारी टिपणे लिहिली आहेत त्याला या कोशाचे मोल कळेल. आमच्या कचेरीत आजही एखाद्या साध्या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणायचे आणि कोंकणीत काय, यावर तासभर वाद होतो आणि शेवटी इंग्रजीच लिहून फाईल पुढे जाते. बडोद्याने त्या काळात आठ भाषांची फाईल केली होती.

राजाची भाषा प्रजेच्या डोक्यावर बसली नाही, म्हणून राजा गेल्यावर तिला उतरवायची कोणाला गरज वाटली नाही, असे मला वाटते. इतिहासकार यात आणखी चार कारणे घालतील आणि ती बरोबरही असतील. पण आपल्याकडे काय झाले ते बघा. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज १९६१ च्या डिसेंबरात कचेऱ्यांतून निघाली आणि एका पिढीत घरांतूनही जवळजवळ गेली. काही जुनी कुटुंबे, काही वकील, काही गाणी एवढेच उरले.

आता ‘बोलावलेली’ माणसे. सयाजीरावांचा खरा छंद माणसे गोळा करण्याचा होता, असे म्हटले तर चूक होणार नाही. लक्ष्मीविलास राजवाडा मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाने आखला आणि त्याच्या मृत्यूनंतर चिझमने तो १८९० मध्ये पुरा केला. त्यासाठी केरळच्या राजा रविवर्म्याकडून महाभारत-रामायणावरची चौदा चित्रे करवून घेतली. ती चित्रे बघताना आपल्याकडच्या बायका एक गोष्ट लगेच ओळखतात: पुराणातल्या कितीतरी नायिका नऊवारीत आहेत. रविवर्म्याच्या मुंबईतल्या चित्रांसाठी बसलेल्या स्त्रियांमध्ये गोमंतकीय राजीबाई मुळगावकर यांचे नाव घेतले जाते. म्हणजे मलबारचा चित्रकार, मराठी लुगडे आणि गोव्याचा चेहरा. पुढे शिळाप्रेसवर छापली जाऊन याच चित्रकाराची चित्रे देशभरच्या देवघरांत पोचली.

सयाजीरावांची पहिली राणी, थोरल्या चिमणाबाई, तंजावरच्या मराठ्यांपैकी. १८८० मध्ये लग्न होऊन त्या आल्या आणि त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याच्या दरबारात आले. भरतनाट्यम् हा शब्दसुद्धा रुळला नव्हता तेव्हा ते नृत्य गुजरातमध्ये एका मराठी दरबारात होत होते. मौलाबक्ष या गायकाने १८८६ मध्ये इथे संगीतशाळा काढली आणि गाणे शाळेत शिकवायची सोय झाली. त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० मध्ये कलाभवन उभे केले. आपले दादासाहेब फाळके तिथे छायाचित्रणाच्या खटपटी शिकले. १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला. त्याने तीन वर्षांत गावोगावी फिरत्या पेट्यांतून पुस्तके पोचवण्याची व्यवस्था बसवून दिली. (पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे, म्हणजे वयाने आम्ही कितीतरी थोरले. पण डिचोलीच्या किंवा काणकोणच्या शेतकऱ्याकडे पुस्तकांची पेटी पाठवायचे पोर्तुगीज सरकारच्या मनात आले नाही. असो.)

अरविंद घोष १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे बडोद्याच्या सेवेत होते. इंग्लंडमध्ये वाढलेल्या या बंगाली तरुणाने मराठी आणि गुजराती इथेच शिकून घेतली. पुढे १९०८ च्या आरंभी विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर ते काही दिवस ध्यानाला बसले तेही याच शहरात. तालमीच्या बाबतीतही तेच. माणिकराव हे मराठी व्यायामाचार्य. त्यांचे गुरू जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. शिष्याने आखाड्याला नाव दिले ते गुरूचे, आणि जुम्मादादा व्यायाममंदिर हे नाव अजून चालते.

यादी इथे थांबवतो, कारण ज्या माणसासाठी मी मुळात बडोद्याला गेलो त्याच्याबद्दल लिहायचे राहील.

धर्मानंद कोसंबी आपल्या साष्टीतल्या साखवाळचे. जन्म १८७६. शालेय शिक्षण जुजबी, घरी नारळाची बागायत. ‘बालबोध’ मासिकातला बुद्धावरचा एक लेख वाचून त्यांच्या मनाने घेतले की हे ज्ञान मुळातून मिळवायचे. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे हाल सोसत ते पाली शिकले आणि अखेरीस कलकत्त्याला विद्यापीठात शिकवू लागले. तिथे चांगला पगार होता, मान होता. पण महाराष्ट्रात राहून आपल्या लोकांना आपल्या भाषेत हे सांगावे ही ओढ काही सुटेना.

अशा वेळी, १९०८ मध्ये, सयाजीरावांकडून प्रस्ताव आला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहा, तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये देऊ, बदल्यात वर्षाला एखादे पुस्तक बडोदे सरकारसाठी तयार करा. कोसंबींनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात हे सारे सांगितले आहे. त्यांनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि पन्नास रुपये पत्करून ते पुण्याला आले. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने १९१० साली ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या छोट्या पुस्तकाच्या रूपाने आली. त्याच वर्षी ते ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या कामासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेले. साखवाळच्या कुळागरातून निघालेला माणूस बोस्टनजवळ जाऊन पोचला, आणि मधल्या एका अवघड टप्प्यावर त्याच्या खिशात बडोद्याचे पन्नास रुपये होते. गोव्यातल्या किती शाळांत हे शिकवतात ते मला माहीत नाही. माझ्या वेळी शिकवले नव्हते.

त्या पन्नास रुपयांची अट मला त्या रकमेपेक्षा मोठी वाटते. बडोद्यात येऊन दरबारात उभे राहा असे राजाने म्हटले नाही. महाराष्ट्रात कुठेही राहा म्हटले.

बुद्धाचा धागा बडोद्यात आणखी एका ठिकाणी सापडतो. तेरेखोलच्या पलीकडे, वेंगुर्ल्याजवळ केळूस नावाचे गाव आहे. कृष्णराव अर्जुन केळूसकर तिथले. त्यांनी १८९८ मध्ये बुद्धाचे मराठी चरित्र लिहिले, तेही बडोद्याच्याच ग्रंथमालेसाठी. मुंबईत एक महार विद्यार्थी मॅट्रिक पास झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत केळूसकरांनी त्याला हे पुस्तक भेट दिले. विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर. त्याच्या कॉलेजच्या शिक्षणासाठी सयाजीरावांकडे शब्द टाकला तोही केळूसकर गुरुजींनी. शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची दुसरी शिष्यवृत्ती मिळाली, परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याच्या कराराने. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आंबेडकर गेले ते या पैशावर.

करार पाळायला १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्याला आले. इथे माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

कोलंबियात शिकून आलेल्या, राजाने स्वतः निवडलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. हिंदू खानावळीत घेणार नाहीत हे ठाऊक होते. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव नोंदवून, वरच्या मजल्यावर जागा मिळवली. तिथे दुसरे कोणी उतरलेले नव्हते. अडगळीचे सामान, वटवाघळे आणि मिणमिणता कंदील. चरित्रकार सांगतात की कचेरीतले शिपाई कागदपत्रे हातात न देता लांबून टेबलावर टाकत. मी रोज शिपायाच्या हातून फायली घेतो. हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते.

अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला बजावून गेले. आंबेडकरांनी दोन ओळखीच्यांकडे विचारून पाहिले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. महाराजांच्या कानावर गोष्ट घातली, पण दिवाणांकडून काही सोय होऊ शकली नाही. मग कमाटीबागेत, म्हणजे सयाजीरावांनीच शहराला दिलेल्या सयाजीबागेत, एका वडाखाली बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सारे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

सयाजीरावांनी अस्पृश्यांसाठी शाळा फार लवकर, राज्यकारभार हाती आल्या-आल्या, सुरू केल्या होत्या. सवर्ण शिक्षक त्या शाळांत शिकवायला तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले; पुढे पंजाबातून आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना आणले. म्हणजे राजाच्या मनात खोट नव्हती. खजिनाही खुला होता. न्यूयॉर्कचे भाडे खजिन्यातून भरता आले. रावपुऱ्यातल्या एका खोलीचे दार मात्र खजिन्याला उघडता आले नाही.

बडोद्याचा अभिमान सांगणारी मराठी पुस्तके ही गोष्ट एका परिच्छेदात उरकून ‘तत्कालीन समाजाचा दोष’ असे म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्या शहराने तंजावरच्या नर्तकीला, केरळच्या चित्रकाराला, अमेरिकन ग्रंथपालाला आणि बंगाली प्राध्यापकाला सामावून घेतले, त्याच शहराला स्वतःच्याच भाषेचा, स्वतःच्याच राजाने शिकवलेला माणूस अकरा दिवस सोसवला नाही. आणि यात मराठी वाडेही आले. दांडिया बाजारातल्या एवढ्या वाड्यांपैकी एकाही वाड्याने त्यांना खोली दिली नाही.

संगीताबद्दल लिहिल्याशिवाय गोव्याचा वाचक मला सोडणार नाही. अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोद्याच्या दरबारी गायक होते. तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूत जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. त्यांच्या मुलीने पुढे आडनाव लावले बडोदेकर. हिराबाई बडोदेकर. आईवडिलांना ज्या शहरातून निघून जावे लागले त्याचेच नाव मुलीने जन्मभर मिरवले. १९१६ मध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात.

आणि आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ. ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी त्यांना म्हैसूरने दिली, पण माणूस बडोद्याचा. इथेच राहिले, इथेच १९५० च्या नोव्हेंबरात वारले. आग्रा घराण्याचे गोव्यावर किती ऋण आहे ते मी सांगायला नको. मंगेशीच्या अभिषेकीबुवांना जगन्नाथबुवा पुरोहितांकडून जे मिळाले ते याच घराण्याचे. खाँसाहेबांची कबर बडोद्यात आहे. २००२ च्या दंगलीत जमावाने ती विद्रूप केली. त्याच वर्षी १ मार्चला याच शहरात बेस्ट बेकरीत चौदा माणसे मारली गेली. २०१६ मध्ये कबरीची पुन्हा नासधूस झाल्याचे वर्तमानपत्रांत आले. ती कबर बघायची म्हणून मी रिक्षा केली तर रिक्षावाल्याला खाँसाहेबांचे नाव माहीत नव्हते. विचारत विचारत गेलो. फुले नेली होती ती ठेवली आणि थोडा वेळ बसलो. तिथे लिहिण्यासारखे काही घडले नाही.

गादीचा काळ संपल्यावर काय झाले ते लवकर सांगतो. १९४९ च्या मे महिन्यात बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. १९५० मध्ये तिथे ललित कला विभाग निघाला. इंदूरचे मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे, बंगालचे शिल्पकार शंखो चौधुरी, पुढे केरळात जन्मलेले के. जी. सुब्रमण्यन हे सारे तिथे शिकवत होते. म्हणजे राजाचे बोलावण्याचे काम विद्यापीठाने पुढे चालवले. १९६० मध्ये मुंबई राज्य फुटले आणि बडोदे गुजरातेत गेले. ते गेले यात वावगे काही नव्हते. शहर गुजराती बहुसंख्येचे होतेच. मराठी माणसे जिथे होती तिथेच राहिली, फक्त आता ती भाषिक अल्पसंख्य झाली. आणि आजच्या काळाला धरून एक नोंद: भोरचे गणेश देवी याच विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. १९९६ मध्ये त्यांनी बडोद्यात भाषा संशोधन केंद्र काढले आणि २०१० पासून देशभरच्या भाषांचे जे लोकसर्वेक्षण झाले त्याची आखणी या केंद्रातून झाली. ७८० भाषा नोंदल्या गेल्या. आपल्या कोंकणी-मराठीच्या भांडणात ज्या छोट्या बोलींचे नाव कोणी घेत नाही, अशा कितीतरी त्यात आहेत.

दांडिया बाजारात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी चहाला जायचा योग आला. त्यांची सहावी पिढी बडोद्यात. मी गोव्याचा म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुमच्याकडे मराठीचं नक्की काय आहे हो? ती राजभाषा आहे की नाही?” मी १९८७ चा कायदा सांगितला. राजभाषा कोंकणी, पण शासकीय कामासाठी मराठीही वापरता येते. ते म्हणाले, “म्हणजे आमच्यापेक्षा बरं आहे की. आम्हाला इथे कायद्याचा काही आधार नाही.” मग त्यांनी घरातला हिशेब सांगितला. ते स्वतः मराठी शाळेत शिकले, मुलगा गुजराती शाळेत, नातवंडे इंग्रजी शाळेत. आजीशी मराठी, शेजारी गुजराती, दूरदर्शनवर हिंदी. मराठी माध्यमाच्या शाळांत मुले मिळेनात. “वाचणारे गेले, बोलणारे आहेत,” असे त्यांनी अगदी सहज सांगितले आणि चकलीची बशी पुढे केली.

गोव्यात आपली स्थिती बरोबर उलटी आहे. आपल्याकडे मराठी वाचणारे, लिहिणारे, मराठी वृत्तपत्र सकाळी दारात लागणारे पुष्कळ, आणि घरात बोलणारे थोडे. मी स्वतः घरी कोंकणी बोलतो आणि हे मराठीत लिहितो. बडोद्याच्या मास्तरांना हे समजायला दोनदा सांगावे लागले. “घरात बोलत नाही ती भाषा लिहिता कशाला?” हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांचे घर बघता तो रास्त होता. माझे उत्तर असे की ज्ञानेश्वरी, भजन, नाटक, शाळेचे पहिले पुस्तक हे सारे मला मराठीतून मिळाले. ते त्यांना पटले की नाही ते कळले नाही. पण माझ्या कोंकणीमिश्रित बोलण्यातले काही शब्द त्यांच्या पत्नीला ओळखीचे वाटले. त्यांचे माहेर मालवणकडचे.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात चार वेळा भरले: १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८. पहिल्या तीन वेळा राज्य गायकवाडांचे होते. चौथ्या वेळी, लक्ष्मीकांत देशमुखांच्या अध्यक्षतेखालचे संमेलन झाले तेव्हा ना गादीची सत्ता होती, ना मराठी सरकार. बोलावणारी संस्था होती बडोद्याची मराठी वाङ्मय परिषद. गोव्यात मडगावला १९३० मध्ये संमेलन झाले तेव्हा तर पोर्तुगीज अंमल होता. मास्तर २०१८ च्या संमेलनाला तिन्ही दिवस गेले होते. पुस्तकांच्या गाळ्यांवर गर्दी होती, पण खरेदी बाहेरून आलेल्यांचीच जास्त, असे ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी सयाजीबागेत गेलो. आंबेडकर बसले होते ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. २३ सप्टेंबरला महाराष्ट्रातून आणि गुजरातमधून लोक तिथे जमतात. मी गेलो तो साधा दिवस होता. जालन्याकडून आलेले एक कुटुंब वडाखाली डबा सोडून बसले होते. त्यांना रात्री मुक्कामाला स्वस्त जागा हवी होती, म्हणून आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. मी माझ्या लॉजचा पत्ता त्यांना कागदावर गुजराती आणि मराठी दोन्हींत लिहून दिला. गुजराती अक्षरे मी आठ दिवसांत पाट्या वाचून शिकलो होतो.